गच्चीवरचा हुकूम

धाकटीच्या आवाजावर तिच्या आईचा मोठा भरवसा होता. आवाज कसला, डासाची गुणगुण बरी! विद्यापीठात शिकता शिकता लष्करी अधिकारी घडवणाऱ्या तुकडीत ती नाव घालून आली, तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं नाही, ते याच भरवशावर. हुकूम मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचला नाही तर सरळ नारळ, अशी तिथली रीत. वर्षाच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेत पोरगी आपोआप गळेल आणि जिवंत राहील, असं आईने मनाशी धरलं होतं. तिचा थोरला मुलगा याच तुकडीत होता. शेवटच्या वर्षाच्या शिबिरात दोर धरून नदी ओलांडताना तो गेला.

आई कान तपासायच्या दवाखान्यात कामाला होती. रुग्णाच्या कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. काही जण काहीच सोडलेलं नसताना बटण दाबतात. त्यांना ऐकायची फार घाई असते. अशांना ती हसून पुन्हा पहिल्यापासून बसवायची.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना, बुधवारी सकाळी ती भांडी विसळत होती आणि धाकटी गच्चीवर सराव करत होती. थोरल्यालाही कवायत शिकवलेल्या उस्तादांनी तिला बेंबीच्या देठापासून ओरडायला सांगितलं होतं. पहिला शब्द ताणायचा, क्षणभर गप्प राहायचं, मग दुसरा खाडकन तोडायचा. बराच वेळ नुसती गुणगुण चालली होती. मग वरून हुकूम आला.

"पथऽऽक… थांब!"

आवाज थोरल्याचा होता. नुसता भारी नव्हे. मधल्या गप्पपणात नाकाने ओढलेला श्वास, शेवटाला किंचित चिरकणं, सगळं त्याचंच.

आईच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. बाई गं, तूही बटण दाबायला लागलीस, असं तिने स्वतःला सुनावलं. तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं. नवरा अर्ध्या गालावर फेस घेऊन उभा होता आणि जिन्याकडे बघत होता.

"आला का गं?" त्याने विचारलं.

आपण काय बोललो ते मग त्याला उमगलं. तो आत गेला आणि कितीतरी वेळ नळ सोडून बसला. दुसऱ्या दिवसापासून तो दार उघडं ठेवून दाढी करू लागला, आणि आई कामाला उशिरा निघू लागली. जिन्याच्या तळाशी ती भिंतीला टेकून ऐकायची. अंगावर काटा यायचा आणि तरी बरं वाटायचं. वर मात्र ती एकदाही गेली नाही. वर धाकटीच दिसली असती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. चेहरा उतरलेला. म्हणाली, उस्ताद पहिल्यांदा ऐकून पांढरेफटक पडले, आणि मग म्हणाले, पुन्हा म्हण. रोज पुन्हा म्हण म्हणतात.

"आई, तो आवाज माझा नाहीये. मी तोंड उघडते आणि तो येतो. मला भीती वाटते गं. तू फक्त नको म्हण, मी आत्ता सोडते."

वर्षभर आईने याचीच वाट पाहिली होती. नको म्हटलं की पोरगी वाचली. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण उद्यापासून गच्ची मुकी होणार होती, आणि थोरला दुसऱ्यांदा जाणार होता.

"इतकं शिकलीस, आता कशाला सोडतेस," ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली.

धाकटी तिच्या पाठीकडे बघत राहिली. एका लेकराचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून आपण दुसऱ्याला त्याच वाटेला लावतोय, हे आईला लख्ख कळत होतं. तिला स्वतःची किळस आली. तरी तिने विचारलंच.

"उद्या निघायच्या आधी एकदा वर जाशील?"

धाकटी हो म्हणाली. तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाली, आणि आईला ते ऐकूच आलं नाही.