रेन्स्केचा रेघेचा कुंचला

मी रेघ ओढणारा कुंचला बोलतोय. रंग भरणारे जाड कुंचले वेगळे. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या आमच्या निळ्या नक्षीच्या भांड्यांच्या कारखान्यात कच्च्या थाळीवर पहिली रेघ माझी असते, आणि याचा मला थोडा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो.

खारीच्या शेपटीचे केस एका म्हाताऱ्या कारागिराने बोटांत जुळवले, दोऱ्याने आवळले आणि लाकडी दांडीत बसवले. सहा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या चित्रकार रेन्स्केने मला दुकानातून निवडलं. पाण्यात बुडवून झटकलं, टोक नखावर टेकवून पाहिलं आणि म्हणाली, "हा चालेल." कौतुक करायची तिला सवयच नाही.

आमची रीत अशी. भोकं पाडलेला नक्षीचा कागद थाळीवर धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटायची. खाली ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून मी चालायचं. कच्ची थाळी पिठासारखी कोरडी असते, टेकवलेली रेघ लगेच पिऊन टाकते, पुसू देत नाही. रंग तेव्हा काळाच दिसतो. भट्टीतून आला की निळा होतो. पातळ लावला तर आकाशी, दाट लावला तर गडद. किती निळं होणार, ते चित्रकाराने काळ्या-करड्यातच ओळखायचं. रेन्स्के तीस वर्षं ते ओळखत आली होती.

माझ्या तिसऱ्या वर्षी ती मला एकाच रेघेवरून दोनदा फिरवू लागली. पहिली रेघ तिला फिकी वाटायची. मला कळत होतं, पण मी सांगणार कसा?

मग भट्टी उघडली. भट्टीवाला दाउवे एक थाळी घेऊन आला.

"रेन्स्के, अगं ही शिडाची दोरी आहे की नांगराचा साखळदंड?"

"रंग दाट कालवलाय कुणीतरी."

"तुझा रंग तूच कालवतेस, बाई."

तिने थाळी उलटी ठेवली. दोन वर्षांत तिने तीन चष्मे बदलले. दर वेळी चष्मेवाल्याला नावं ठेवली. उजव्या हाताशी ठेवलेला कॉफीचा कप सारखा सांडू लागला. "हा इथे कुणी ठेवला?" असं ती ओरडायची आणि दाउवे म्हणायचा, "तूच. आत्ताच." ती हसायची नाही. माझी दांडी तिच्या बोटांत घामाने ओली व्हायची. हात गेला आपला, असं तिला वाटत होतं. मला रागच यायचा. हात कुठे गेला होता? तो अजूनही माझ्या ओळखीच्या सगळ्या हातांत पक्का होता.

एका सकाळी तिच्या उजव्या डोळ्यात भुकटीचा कण गेला. तिने तो डोळा घट्ट मिटून घेतला.

"दाउवे, दिवे गेले का?"

"नाही गं. लख्ख चालू आहेत."

"माझ्यासमोर थाळी आहे?"

 दाउवेने तिचा कोट आणला आणि तिला डॉक्टरकडे नेलं. डावा डोळा जवळजवळ विझला होता आणि उजवा त्याचंही काम करत राहिल्यामुळे तिला पत्ताच लागला नव्हता.

दोन आठवड्यांनी ती याच टेबलाशी बसून त्याला सांगत होती. "मेंदूला बाहेरून आवरण असतं ना, त्यातून गाठ वाढलीय. कर्करोग नाही म्हणे. कित्येक वर्षं हळूहळू वाढली आणि डोळ्यांच्या नसांवर जाऊन बसली. उजव्या डोळ्यालाही बाहेरच्या बाजूचं दिसत नाही."

"म्हणून कप सांडायचे."

"हो. आणि मी त्या बिचाऱ्या चष्मेवाल्याला शिव्या घातल्या."

"काढतील ना?"

"डावा परत येणार नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. उजवा बहुतेक वाचेल. पण काढतानाच तोही जाऊ शकतो."

"आणि नाही काढली तर?"

"तर तो जाईलच. सावकाश."

तिने मला साबणाने धुतलं, ओठांत धरून टोक जुळवलं, कागदात गुंडाळलं आणि खणात ठेवलं. "याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. गाठ काढून घेणार, हे तिने असं सांगितलं.

चार महिने मी अंधारात पडून होतो. मग एकदा खण उघडला आणि तिचा तोच खरबरीत अंगठा लागला. कपाळाच्या वर केस नीट उगवले नव्हते, त्यांतून लांब व्रण दिसत होता.

"डोक्याला चेन बसवून घेतलीस की काय?" दाउवेने विचारलं.

"हो. पुन्हा उघडायला सोपं."

उजवा डोळा वाचला होता, पण एका डोळ्याला अंतर कळेना. मी कधी थाळीच्या वरच हवेत फिरायचो, कधी दणकन आपटायचो. मग तिने करंगळी कडेवर टेकवून अंतर मोजायची सवय लावून घेतली. तीन आठवड्यांत सरावाच्या किती छोट्या फरशा फोडल्या, ते विचारू नका. दाउवे तुकडे मुकाट्याने झाडायचा.

काल तिने मोठी थाळी घेतली. जहाजांची. मी शिडाच्या दोरीवरून एकदाच गेलो, आणि दोरी दोरीसारखीच उतरली. तेवढ्यात माझा एक केस सुटून ताज्या रेघेत अडकला. रेघेहूनही बारीक. भट्टीत गेला असता तर थाळीला डाग राहिला असता.

"थांब," ती स्वतःशीच म्हणाली. सुई घेतली आणि तो अलगद उचलला.

दाउवे वाकला. "काय काढलंस? मला काही दिसत नाही."

"केस."

"कुठाय?"

तिने सुई त्याच्या नाकापुढे धरली. दाउवेने डोळे बारीक करून पाहिलं. मग नाक पुसून म्हणाला, "मला चष्मा बदलायला हवा."

"आधी डोळे तपासून घे, मूर्खा."

केस गळणारा कुंचला रेघेला चालत नाही. माझ्या जागी नवा येईल. येऊ दे. त्याला चांगला हात मिळतोय, आणि त्या हातावर नजर ठेवणारा एक डोळा शाबूत आहे. मला खंत नाही. माझा गळलेला केस तिला दिसला, एवढा मान कुठल्या कुंचल्याला मिळतो?

जाता जाता एकच मागणं. कधीतरी एक डोळा झाकून बघा. मग दुसरा.