आरसेवाले काका

“हात टेबलावर ठेव,” शिपायांचा साहेब म्हणाला.

आरसेवाल्या काकांनी उजवा हात ठेवला. वेधशाळेच्या मनोऱ्यावरचा मोठा आरसा सूर्याबरोबर फिरवत ठेवायचा आणि त्याचा उजेड खाली तळघरातल्या यंत्रात सोडायचा, हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. आठ दिवसांपासून गावाबाहेर लढाई पेटली होती. सकाळी मनोऱ्यावर काहीतरी चमकलेलं कुणीतरी पाहिलं, आणि शिपाई दार फोडून तळघरात शिरले.

“कुणाला खुणा करत होतास?”

“खुणा कसल्या, साहेब? उजेड मोजतो आम्ही. यंत्रातून गेला की त्याचा रंगीत पट्टा पडतो, त्यात काळ्या रेघा असतात. लांबच्या ताऱ्यांच्या रेघा मग त्यांच्याशी ताडून बघायच्या.”

“तारे? भरदिवसा?”

“सूर्य ताराच की. हाताशी आहे, म्हणून माप त्याचं.”

शिपाई खो-खो हसले. साहेब हसला नाही. बंदुकीचा दस्ता खाली आला आणि काकांची दोन बोटं चिरडली. आपण ओरडलो हे त्यांना क्षणभराने कळलं.

भिंतीशी संशोधक बाई उभ्या होत्या, काकांच्या लेकीच्या वयाच्या. काकांच्याने आज जिना चढवेना, म्हणून आरसा बाईंनीच लावला होता.

“सकाळी वर कोण होतं?” साहेबाने विचारलं.

बाई पुढे सरकल्या. “मी...”

“तू गप बस!” काका खेकसले. बाईंशी ते जन्मात असे बोलले नव्हते. “कारकून आहे ती, साहेब. आकडे उतरवते. आरशाला मी कुणाला हात लावू देत नाही.”

दस्ता पुन्हा आला. मग लाथा. बरगडी मोडल्याचा आवाज बाईंनाही ऐकू गेला. दोघे शिपाई वर धावले, आणि जरा वेळाने उजेडाच्या झरोक्यातून काचांचा लोट खळखळत तळघरात कोसळला. काकांनी डोळे मिटून घेतले. एवढा वेळ मार खाल्ला, पण रडू आलं ते आता.

आरसा फुटला, शिपायांचं काम झालं. ते निघून गेले.

बाईंनी काकांच्या हाताला रुमाल बांधला. “खोटं का बोललात, काका?”

“मला मारून सोडलं. तुम्हाला घेऊन गेले असते.” त्यांनी रक्त थुंकलं. “आणि त्या रेघा वाचणारं इथे दुसरं आहे कोण? वही द्या.”

“आज राहू द्या हो.”

“द्या म्हणतो ना!”

रोजच्या नोंदवहीत निरीक्षण चुकल्याचं कारण लिहावं लागे. मागच्या पानांवर ढग, धुकं, पाऊस, एवढंच होतं. काकांनी पेन डाव्या हातात धरलं आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं : ‘आभाळ स्वच्छ. निरीक्षण नाही.’

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. बाई वही घट्ट धरून उभ्या राहिल्या.