एक दिवस न धुतलेला मिक्सर

मित्रांनो, आष्टीच्या अलीकडे एका वस्तीवर बिनछताची अंगणवाडी आहे. तिच्या भिंतीशेजारी तोंड वर करून गंजत उभा आहे, तो मी. मी एक जुना काँक्रीट मिक्सर आहे. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी पोटात घेऊन गरगर फिरायचे आणि कालवलेला माल घमेल्यांत ओतायचा, हा माझा धंदा.

माझे मालक साहेबराव आधी गवंडी होते. पुढे त्यांनी ठेकेदारीचे लायसन काढले, मला जालन्याहून विकत आणले आणि माझ्या ड्रमवर निळ्या रंगात 'बेबीनंदा कन्स्ट्रक्शन' असे लिहून घेतले. बेबीनंदा त्यांच्या पत्नी. नाव वाचून त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"दिवसभर गरगर फिरायला माझंच नाव सापडलं का तुम्हाला?"

बारा वर्षे आम्ही शाळाखोल्या बांधल्या, पाण्याच्या टाक्या बांधल्या, ओढ्यांवर लहान पूल टाकले. सगळी कामे सरकारी. इंजिनिअर हातोडीने ठोकून बघायचे आणि "बराबर आहे" म्हणायचे. तेव्हा मला फार बरे वाटायचे.

सिमेंट कोणासाठी थांबत नाही. पोटात राहिले की दगड होते. म्हणून रोज संध्याकाळी साहेबराव माझ्या पोटात खडी-पाणी टाकून मला फिरवत, मग खांद्यापर्यंत हात घालून आतून पुसत. हे काम त्यांनी कधीच दुसऱ्याला करू दिले नाही. "तुम्ही वरवर धुता," म्हणून मजुरांवर डाफरायचे. लेक पायलच्या हळदीच्या दिवशीसुद्धा ते मला धुऊनच मांडवात गेले.

मग हे अंगणवाडीचे काम लागले. भिंती चढत असतानाच सरकारी कामांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून अठरा झाला. अंदाजपत्रक मात्र जुन्या दराचे. वाढीव कर मंजुरी आल्यावर मिळेल, असे कचेरीतून सांगण्यात आले. तोवर साहेबरावांनी तो पदरमोड करून भरायचा. मंजुरी काही आली नाही.

जालन्याच्या मस्तगडात राधेश्याम म्हणून एक जण लोकांचे कराचे काम करून देतात. ते म्हणाले, "साहेबरावभाऊ, तुमची वर्षाची उलाढाल कमी हाये. तुम्हाला नंबर सक्तीचा न्हाई. देऊन टाका वापस, झंझट मिटंल."

कायद्याने ते खरेच होते. साहेबरावांनी जीएसटीचा नंबर परत केला आणि त्या दिवशी कामावर सगळ्यांना भजी खाऊ घातली.

पुढे एका दुपारी तुळईचा माल माझ्या पोटात फिरत असताना कचेरीचा फोन आला. नंबर बंद दिसतो, बिल निघणार नाही, आजच्या आज या.

"अहो साहेब, कायद्यानं लागत न्हाई म्हणले ना!" साहेबराव फोनवर ओरडले.

"कायद्याचं राहू द्या. आमच्याकडं नंबराबिगर बिल चढतच न्हाई."

साहेबरावांनी माझे इंजिन बंद केले आणि गाडीला किक मारली. "मिक्सरला कोणी हात लावू नका. जल्दी येतो मी, मंग धुतो."

मजूर दिवेलागणीपर्यंत थांबले. मला हात लावायची हिंमत कोणाला झाली नाही. तो धाक साहेबरावांनीच घातलेला होता. पोटातला माल आधी कोमट झाला, मग घट्ट होत गेला. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

कचेरीत रात्रीपर्यंत अडकलेले साहेबराव दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सवयीने त्यांनी माझ्या पोटात हात घातला. तो मनगटापाशीच अडला.

छिन्नी-हातोडी घेऊन ते दिवसभर ठोकत राहिले. शेवटी दगड फुटला नाही, माझा पत्राच फाटला. बेबीनंदाबाईंनी त्यांचा हात धरला. "सोडा आता. दगडाला किती समजावणार?" साहेबराव माझ्याच सावलीत बसून रडले.

नवा नंबर मिळेपर्यंत मुदत सरली आणि काम काढून घेतले गेले. जुन्या दरात ते पुरे करायला दुसरा कोणी पुढे आला नाही. साहेबराव आता भोकरदनला मच्छिंद्र नावाच्या मोठ्या ठेकेदाराकडे रोजाने गवंडीकाम करतात. मिक्सर तिथेही आहे, पण तो दुसऱ्याचा. एकदा भंगारवाला आला, मला हलवून बघितले आणि म्हणाला, "आत दगडच जास्त हाये. न्यायचा खर्चा बी निघत न्हाई."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी सांगायचे असते की वस्तू जपा, म्हणजे त्या तुम्हाला साथ देतात. साहेबरावांनी मला बारा वर्षे रोज जपले. तरीही तुम्ही आपली सायकल पुसत जा, दप्तर आवरत जा. याहून जास्त मला काही सांगता येत नाही.

वस्तीवरची लहान मुले अंगणवाडीसाठी अजून समाजमंदिराच्या ओट्यावर बसतात. सुटल्यावर ती कधीकधी इकडे येतात आणि माझ्या तोंडाशी वाकून हाक मारतात. पूर्वी माझ्या पोटात आवाज घुमायचा. आता ती थोडा वेळ कान देऊन थांबतात आणि निघून जातात.