आर्डिथच्या घराची तक्रार

आमच्या निवृत्तांच्या वसाहतीत पंचावन्नच्या आतल्या माणसाला वर्षातून तीसच दिवस राहता येतं. घर घेताना प्रत्येकाने खरेदीखतावर तसं लिहून दिलेलं असतं. तरी नोटीस गेली की जो तो मलाच शिव्या घालतो, कारण तक्रारींचं काम माझ्याकडे आहे. मी इथे कुणावरच विश्वास ठेवत नाही.

ऑक्टोबरात एक निनावी, टाइप केलेली तक्रार आली. आर्डिथचा मुलगा रॉडनी, वय सत्तेचाळीस, बायकोने घराबाहेर काढल्यापासून दोन महिने आईकडेच राहतोय. अकराला उठतो, टाकीतलं सगळं गरम पाणी संपवतो, खरकटी भांडी तशीच टाकतो.

माझा संशय थेट आर्डिथच्या शेजारच्या व्हर्नवर गेला. कुणाचं झुडूप वीतभर वाढलं तरी पट्टी घेऊन येणारा माणूस तो. पण नाक खुपसायलाही काही मर्यादा असते. मी जाऊन त्याचं दार वाजवलं.

"हे तू लिहिलंस ना?"

व्हर्नने चष्मा लावून सावकाश वाचलं. "मी लिहिलं असतं तर खाली ठळक सही केली असती. आणि बाई, तिचं गरम पाणी संपलेलं मला कसं कळणार? मी काय तिच्या न्हाणीघरात बसतो?"

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. पाणी संपलेलं कळतं ते मागून अंघोळीला जाणाऱ्याला. आणि त्या घरात माणसं दोनच. मला आर्डिथचा भयंकर राग आला. बंदूक हिची आणि खांदा माझा.

पण नियम तो नियम. रॉडनीला दुसरा आसरा नाही हे माहीत असूनही पंधरा दिवसांची नोटीस मी नेऊन दिली. सोबत तक्रारीची प्रत जोडावीच लागते.

आर्डिथ दारातच सुरू झाली. "हे त्या मेल्या व्हर्नचंच काम. माझं लेकरू खुपतं त्याच्या डोळ्यांत." बोलताना ती एकदाही माझ्याकडे बघेना. रॉडनी मागे उभा राहून प्रत वाचत होता. मधल्या एका ओळीवर थांबला, ती पुन्हा वाचली आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

पंधरा दिवसही तो राहिला नाही. रविवारी त्याने सामान गाडीत भरलं. मी बघायला गेले होते, खोटं कशाला बोलू. आर्डिथ वाटेसाठी सँडविच आणायला आत गेली, तसा तो माझ्याजवळ आला.

"तुम्हालाही कळलंय ना?"

मी मान डोलावली.

"तिला सांगू नका. व्हर्नच्या नावाने बोटं मोडू दे तिला. नाहीतर पुन्हा मला तोंड दाखवायची नाही ती."

तेवढ्यात आर्डिथ पुडकं घेऊन बाहेर आली. डोळे रडून लाल झाले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"माझ्या हातात असतं तर तुला जाऊ दिलं असतं का रे मी?"

"माहितेय मला, आई," रॉडनी म्हणाला आणि पुडकं घेतलं.