कोचच्या हिरवळीवरच्या पाट्या

कोच हॅरिगन जिंकत होते तोवर राजेशला ते सख्ख्या भावापेक्षा जवळचे. शेजारीच राहायचे ना! २००१ साली अमेरिकेतल्या ह्या गावात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे कोच होऊन आले आणि मरगळलेली टीम त्यांनी नावारूपाला आणली. तेव्हा राजेश ऑफिसात मिरवायचा, "कोच? अरे यार, आमच्याकडे श्रीखंड-पुरी खाऊन जातो तो!" बायकोनं, नीलांबरीनं, पुऱ्या लाटायच्या आणि ह्यानं कोचच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे.

२००७ साली टीम हरायला लागली. मग हाच माणूस टीव्हीसमोर बसून कोचचा उद्धार करायचा. नीलांबरीला त्याचा वीट आला होता. तिला फुटबॉल कळत नसे, पण कोचची बायको डोना तिची जिवाभावाची. नीलांबरीच्या बाळंतपणात आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा बाळाला न्हाऊमाखू घातलं ते डोनानंच. परक्या मुलखात हक्काचं माणूस ते एवढंच.

एका रविवारी सकाळी डोनाच्या हिरवळीवर 'घर विकणे आहे' अशा पाट्याच पाट्या रोवलेल्या. नीलांबरी चहा तसाच टाकून बाहेर आली. ही चालली, आणि मला सांगितलंसुद्धा नाही? मग वाटलं, निदान घर तरी ओळखीत राहू दे; जवळच्या डब्लिन गावात नुकत्याच राहायला आलेल्या बहिणीला मोठं घर हवंच होतं. तशीच गेली, दार वाजवलं आणि विचारलं, "डोना, घराचे किती म्हणताय?"

डोनाचा चेहरा खर्रकन उतरला. "तूपण?" एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन सांगितलं तर राजेश पोट धरून हसायला लागला. "अगं वेडाबाई, जोक असतो तो! कोच हरला की फॅन्स त्याच्या लॉनवर पाट्या लावतात. चालता हो, असा मेसेज. काल मॅचनंतर सगळ्यांनी मिळून लावल्या."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"म्हणजे... ऑफिसातल्या सगळ्यांनी. मी एकटा नाही कसा म्हणणार?"

शी!  ज्याला आपल्या पंगतीला बसवलं त्याच्याच दारात हा घाण करून आला, आणि वर दात काढतोय! गावातल्या टवाळांचं एक वेळ सोडा, पण ह्याच्याशी आपण संसार करतो!

ती तडक डोनाच्या हिरवळीवर गेली आणि एकेक पाटी उपटायला लागली. राजेश मागोमाग आला. "नीलू, आत चल. लोक बघतायत."

"बघू देत. तुझी कुठली? तेवढी तू काढ."

 तेवढ्यात रस्त्यावरच्या गाडीतून ऑफिसातल्या कुणीतरी त्याला हाक मारली. ह्यानं हसून हात केला आणि घरात निघून गेला. लाज म्हणून नाही मेल्याला!

शेवटची पाटी उपटेपर्यंत डोना दार उघडून पायरीवर आली होती. गप्प बसणं सोपं होतं. पण नीलांबरीला ते जमेना. "डोना, ह्यातली एक आमच्या घरची आहे."

"माहीत आहे," डोना म्हणाली. "काल मी खिडकीतच उभी होते."