स्ट्रेचरचा दांडा

रेल्वेवाले संपावर गेले त्या चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात भिवंडीतल्या एका शेठच्या धर्मादाय दवाखान्यातल्या आयाही फाटकाबाहेर येऊन बसल्या. धर्म शेठच्या नावावर आणि मरण आयांचं, असा तिथला कारभार. तीन वॉर्डांना मिळून दोन बाया. शिफ्ट संपली की "बदली आली नाही, थांब" म्हणायचं आणि त्या ओव्हरटाइमचा छदामही द्यायचा नाही. पोटुशी चंद्रा अशीच ड्युटीवर ड्युटी करत ऑक्सिजनचं नळकांडं ओढताना पडली आणि तिचं मूल पोटातच गेलं. त्या दिवशी वळ गावच्या ठकुबाईनं हातातलं बेडपॅन मेट्रनच्या टेबलावर आदळलं. संप सुरू झाला तो तिथून.

ठकुबाई भलती तापट. तिला गप्प करणारा एकच माणूस, तिचा नवरा अनंता, आणि तोसुद्धा न बोलता. तो शेठच्याच लूमवर कामाला होता. राडा झाला त्या दिवशी सकाळी भाकरी बांधून देताना ती म्हणाली, "अवो, आज तिकरं राडा व्हनार हाय. तुमी फिरकू नका."

"मंग तू घरा ऱ्हा ना."

"मी न्हाय ऱ्हायची."

तो हसला आणि निघून गेला. त्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं सासूनं अंगावरची हळद उतरायच्या आधीच बजावलं होतं. लग्नात बायांनी किती डिवचलं, चिमटे काढले, तरी ही तोंड मिटून बसली होती.

भर दुपारी शेठचा मुकादम महादू लॉरी भरून माणसं घेऊन आला. सगळ्यांच्या तोंडाला टॉवेल आणि हातात फडक्यात बांधलेला धोटा. धोटा म्हणजे लूमवर दोरा घेऊन सुसाट धावतो तो लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना पोलाद. नुसता उडाला तरी माणसाचा डोळा नेतो. इथं तर तो गरगर फिरवत माणसं बायांवर धावून आली.

पहिला धोटा रंगूबाईच्या जबड्यावर बसला. दात थुंकत ती खालीच बसली. चंद्राच्या झिंज्या धरून एकानं तिला फाटकावर आपटलं, तसं ठकुबाईनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला आणि तोंडातलं रक्त त्याच्याच तोंडावर थुंकली. बायांबरोबर संपात उतरलेल्या वॉर्डबॉय काळूरामनं घोषणांचे बोर्ड वाहायला आणलेल्या स्ट्रेचरचा दांडा कापडातून उपसला. एकाचं कोपर मोडलं, दुसऱ्याचा गुडघा. पोरगा गुणाचा, पण त्याचंही डोकं फिरलं होतं.

तेवढ्यात ठकुबाईला फाटकाशी एक माणूस दिसला. तोंडाला टॉवेल, पण हात रिकामे. मान वळवून वळवून कुणाला तरी शोधत होता. सदऱ्याच्या पाठीवर तिच्याच जुन्या लुगड्याचं ठिगळ होतं. मुकादमानं त्याला लॉरीत कोंबलं असणार, आणि धोटा टाकून तो बायकोला शोधत होता.

काळूराम त्याच्या मागून येत होता. दांडा वर उचललेला.

"अवो!" ठकुबाई किंचाळली. "अवो, मागं बघा!"

त्या गर्दीत बाया सगळ्याच ओरडत होत्या. एका 'अवो'नं कोण वळणार? नाव तिच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं.

दांडा खाली आला.

माणसं तुडवत ती पोचली तेव्हा टॉवेल लाल झाला होता. तिनं तो ओढून काढल्यावर काळूरामनं चेहरा पाहिला. किती वेळा तो त्या घरी जेवला होता. "अनंतादा," तो म्हणाला.

ठकुबाईनं त्याच्या तोंडावर दोन ठोसे लगावले. मग ओरडली, "दांडा घाल! घाल तो कापडात!" रक्तानं निसटणारा दांडा त्यानं कसाबसा पुन्हा स्ट्रेचरमध्ये सरकवला. लॉरीवाले पांगले होते. संपाचं फाटक ओलांडून दोघांनी अनंताला आत नेलं.

आत एकटा डॉक्टर. "ठाण्याहून गाडी मागवतो. तोवर झोपू देऊ नका," तो म्हणाला. "कानाशी नावानं हाका मारत राहा."

"मी न्हाय. दुसऱ्या कुनाला तरी सांगा."

"बाई, दुसरं आहे कोण इथं?"

खरंच कोणी नव्हतं. काळूरामची तर दातखीळ बसली होती. ठकुबाई वाकली.

"अनंता."

त्याची पापणी हलली. तिला केवढा आनंद झाला आणि केवढं भय वाटलं! एकेक हाक त्याचं आयुष्य कापते आहे असं वाटत होतं, आणि थांबली तर पापणी मिटत होती. अनंता. अनंता. त्याच्या बोटांनी तिचं बोट धरलं, मग सैल सोडलं. डॉक्टरनं तिचा खांदा धरला तरी ती हाका मारतच होती.

"डॉक्टर," तिनं विचारलं, "मी नाव घेतला म्हनून ते गेलं का वो?"

"नाही हो. नावानं कुणी मरतं का?"

ते ऐकून तिनं फाटकाच्या दिशेनं पाहिलं. म्हणजे तिथं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

गाडीचा भोंगा आला, थांबला. कुणी उठलं नाही. ठकुबाईनं पदरानं त्याच्या कानातलं रक्त पुसलं आणि कानाशी तोंड नेलं.

"अवो," ती म्हणाली. "चला ना घरा."