साहेबरावाचं अस्सल पिस्तूल

करमाडच्या साहेबरावाला पिस्तूल हवं होतं ते कुणाला मारायला नव्हे. घरात उंदीर निघाला तरी गडी पलंगावर चढून बायकोला हाक मारायचा. पण यंदा त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं, आणि आडवे होते त्याच तिकिटावर टपलेले गावातले आप्पासाहेब. आप्पासाहेबांकडं परवान्याचं रिव्हॉल्वर. लग्नात ते वाढायला वाकले की सदऱ्याखालून मूठ दिसायची आणि माणसं उगाच हात जोडायची. साहेबरावानं पार शहरात, क्रांती चौकात गॉगल घातलेल्या फोटोचा फ्लेक्स लावला, तरी त्याला कुणी विचारेना. त्यानंही परवाना मागितला. जिवाला धोका कुणापासून, असं कचेरीत विचारलं. आता आयता शत्रू आणायचा कुठून? अर्ज नामंजूर झाला.

मग सोयगावच्या मेव्हण्यानं वाट दाखवली. शेजारच्या राज्यात वस्तू मिळते, कागदाची भानगड नाही, म्हणाला. साहेबराव ओंकारेश्वराला जातो असं गावभर सांगून निघाला. देवाचं नाव घेतलं की कुणी जास्त विचारत नाही.

येताना मात्र त्याची पाचावर धारण बसली. कमरेला पिस्तूल, कपाळाला भस्माचे पट्टे, तोंडात नामस्मरण. राज्याच्या हद्दीवर पोलीस बसमध्ये चढले. शेजारच्याच्या पिशवीत गुटखा निघाला, त्याला कॉलर धरून खाली ओढला. साहेबरावाला मात्र हवालदारानं माऊली म्हणून नमस्कार केला आणि पाय जरा आत घ्यायला सांगितलं. वा रे बंदोबस्त!

पण तीर्थाहून आलेल्या माणसाचं गावात काय होतं, हे शहाणा साफ विसरला होता. त्याला मारुतीपुढं उभं करायचं, ओवाळायचं आणि एकेकानं कडकडून भेटायचं. त्या भेटीत आपल्यालाही थोडं पुण्य लागतं म्हणे. फाट्यावर उतरला तर बँड सुरू. देवळापुढं बायको सत्यभामा ताट घेऊन उभी, मागं अख्खं गाव. निवडणूक तोंडावर, म्हणून आप्पासाहेबही हजर. आणि सत्काराला खास बोलावलेले ठाण्याचे फौजदार.

पाहुण्यांचा मान पहिला. साहेबरावानं लांबूनच हात जोडले, अंग धुतलं नाही म्हणाला, पण फौजदारांनी त्याला मिठीत ओढलंच. आणि ते तसेच थांबले. मग हात खाली गेला, सदरा वर झाला, पिस्तूल बाहेर आलं. बँड आपोआप बंद पडला.

फौजदारांनी ते उलटसुलट पाहिलं. त्यांना काय कळायचं ते कळलं. पण पंचनामा करा, दुसऱ्या राज्यात तपासाला पळा, त्यात रात्रीचं जेवण याच गावात ठरलेलं. शिवाय सत्यभामाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, तिची त्यांना दया आली. ते मोठ्यानं म्हणाले, "काय साहेबराव, पोरांसाठी खेळणं आणलं वाटतं?"

अहो, एवढी मोठी सुटका कुणाला मिळते? नुसती मान हलवायची होती. सत्यभामा कानाशी पुटपुटली, "व्हय म्हणा."

साहेबराव व्हय म्हणणारही होता. तेवढ्यात आप्पासाहेब हसले. त्यांचं बघून गाव हसलं. यातून पाणी उडतंय का रंग, असं कुणीतरी विचारलं, आणि म्हातारी सरूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायला लागली. साहेबरावाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अस्सल हाय," तो ओरडला.

हसू काही थांबेना. मग त्यानं कुठल्या राज्यातून आणलं, कुणी दिलं, हद्दीवर पोलिसांना कसं चकवलं, सगळं सांगून टाकलं. तरी दोघे-तिघे हसतच होते, म्हणून खिशातल्या गोळ्या काढून फौजदारांच्या हातावर ठेवल्या. तेव्हा कुठं गाव गप्प झालं. सत्यभामानं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. फौजदारांनी मोठा उसासा टाकला, त्यांचं जेवण गेलं.

फौजदारांची जीप त्याला घेऊन गावाबाहेर पडली तसा साहेबरावाचा ताठा उतरला. तो फौजदारांकडं सरकला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "साहेब, खेळणंच हाय ते. पोरांसाठी आणलं."

फौजदार रुमालात गोळ्या बांधत होते. "हे मघाशी म्हणायचं होतं," ते म्हणाले.